जुन्या जलयंत्रांची देखभाल – लेखांक ६ : गिअरकेसची गळती आणि तिचे निदान

गिअरकेसमधून तेल गळते, ही जुन्या आऊटबोर्ड मोटरींविषयीची नेहमीची तक्रार असली, तरी तिच्या पोटात दोन वेगळ्या तक्रारी असतात. आतले तेल बाहेर जाते ही एक, आणि बाहेरचे पाणी आत शिरते ही दुसरी. दोन्ही गोष्टी एकाच फटीतून घडू शकतात, पण घडतीलच असे नाही. पहिली पाण्यावर रंगीत तवंग आणून स्वतःची जाहिरात करते, तर दुसरी महिनोन्‌महिने कोणाला कळत नाही आणि तेवढ्या अवधीत बेअरिंगांना गंज चढवून मोकळी होते. मागील लेखांकात पाण्याच्या पंपाचा विचार झाला. या लेखांकात त्या पंपाच्या लगेच खाली असलेल्या बंद पेटीचा, आणि ती पेटी नेमकी कुठे व कोणत्या दिशेने गळते हे ती खोलण्याआधी कसे ठरवावे याचा विचार करावयाचा आहे.

होडीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवले जाणारे हे इंजिन आपल्याकडे लष्करापासून मालवण-देवबागच्या पर्यटक होड्यांपर्यंत सर्वत्र ‘ओबीएम’ या आद्याक्षरांनी ओळखले जाते. वरच्या इंजिनातून निघालेला उभा शाफ्ट मधल्या पोकळ पायातून खाली उतरतो. त्याच्या टोकाचे लहान दातेरी चाक, म्हणजे पिनियन, पंख्याच्या आडव्या शाफ्टवर बसवलेल्या पुढच्या व मागच्या गिअरला एकाच वेळी परस्परविरुद्ध दिशांना फिरवते. आणि त्या दोहोंच्या मधे सरकणारा क्लच ज्या गिअरला धरील त्या दिशेने पंखा फिरतो. ही सगळी यंत्रणा ज्या ॲल्युमिनियमच्या ओतीव पेटीत तेलात बुडालेली असते, ती गिअरकेस. पेटी बंद म्हणावयाची, पण तिला भोके पुष्कळ : उभा शाफ्ट आत येतो तिथे एक, क्लच हलवणारी सळई उतरते तिथे दुसरे, पंख्याचा शाफ्ट बाहेर पडतो तिथे तिसरे, शिवाय तेल भरण्या-काढण्याचा खालचा प्लग आणि हवा निघण्याचा वरचा प्लग. फिरणाऱ्या शाफ्टाभोवती ऑइल सील, म्हणजे रबराचा पातळ ओठ शाफ्टवर टेकवून धरणारे कडे, असते. न फिरणाऱ्या सांध्यांत ओ-रिंग, म्हणजे गोल छेदाचे रबरी कडे, किंवा साधे पॅकिंग असते.

समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरच्या बेंगळुरूचा आणि अशा मोटरींचा संबंध वरवर पाहता दूरचा वाटेल; पण हे शहर तलावांचे आहे, आणि त्यांपैकी हलसूर तलावाच्या शेजारी ज्या मद्रास इंजिनिअर ग्रुपचे केंद्र आहे, त्या १७८० पासूनची परंपरा सांगणाऱ्या सॅपर्स पथकांच्या कामात नदी ओलांडणे आणि पुरात होड्या चालवणे हे मोठे अंग आहे. तलावाचे पाणी गोडे असते, त्यामुळे खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियम ज्या वेगाने झिजते तो वेग इथे नसतो, आणि नेमके यामुळेच गोड्या पाण्यातली मोटर निर्धोक आहे असा समज पसरतो. तो खरा नाही. शहरी तलावात जलपर्णीची मुळे, प्लास्टिकच्या पिशव्यांचे धागे आणि मासे पकडणाऱ्यांचा तुटून राहिलेला तंगूस यांचे भेंडोळे पंख्यामागे गुंडाळले जाते, आणि नायलॉनचा हा बारीक दोर शाफ्टवर घट्ट आवळत आवळत सीलच्या ओठात घुसून तो कापतो. पुराच्या पाण्याची तऱ्हा आणखी वेगळी आहे. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर भागात बुडालेल्या उसावरून आणि तारांच्या कुंपणांवरून होड्या न्याव्या लागल्या, सप्टेंबर २०२२ मध्ये बेंगळुरूच्या बाह्य वळण रस्त्यालगतच्या वसाहतींत रस्त्यांवरूनच त्या फिरल्या; अशा ठिकाणी पंखा दुभाजकावर किंवा दगडी कडेवर आदळला, तर शाफ्ट किंचित वाकतो, आणि वाकलेला शाफ्ट प्रत्येक फेऱ्यात सीलचा ओठ एका बाजूने उचलत राहतो. असा शाफ्ट न तपासता नवे सील बसवणे हा निव्वळ पैशाचा अपव्यय होय.

निदानाआधी मोटरीचे वय आणि घराणे ठाऊक असणे आवश्यक ठरते, कारण एका पिढीत जो दोष समजला जाईल तो आधीच्या पिढीत रचनेचाच भाग असतो. ओले एव्हिनरूड यांनी १९०९ मध्ये अमेरिकेत व्यापारी यश मिळवलेली आऊटबोर्ड मोटर बाजारात आणली, त्यानंतरच्या कित्येक वर्षांतील मोटरींच्या गिअरकेसमध्ये तेलाऐवजी ग्रीस भरले जाई. अशा पेटीत आजचे पातळ गिअर ऑइल ओतले, तर ते पाझरणारच, आणि त्याचा दोष पेटीला देता येणार नाही. ब्रिटिश सीगल ही इंग्लंडमधील साधी, दणकट मोटर तर या बाबतीत प्रसिद्धच आहे : तिच्या अनेक नमुन्यांत पंख्याच्या शाफ्टवर आजच्यासारखे ओठाचे सील नाही, शाफ्ट आणि त्याच्या लांब बुशमधली तंग बसण हीच अडसर मानलेली आहे, आणि म्हणून तिला १४० नंबरचे दाट तेल सांगितलेले असते, जे थोड्याफार पाण्याशी मिसळूनही गिअरांना चिकटून राहते. सीगलच्या पेटीतून दुधाळ तेल निघाले म्हणून घाबरून ती खोलणारा कारागीर अकारण काम वाढवतो. तेच तेल १९६० च्या दशकातील जॉन्सन किंवा एव्हिनरूडमधून निघाले, तर मात्र मोटर पाण्यात उतरवू नये. या दोन्ही छापांची मूळ कंपनी असलेली, १९३६ मध्ये आकाराला आलेली ओएमसी २००० च्या अखेरीस दिवाळखोरीत गेली आणि पुढे ज्यांच्या हाती ते नाव गेले त्यांनीही २०२० मध्ये एव्हिनरूडचे उत्पादन थांबवले. त्यामुळे या मोटरींचे सुटे भाग दुर्मीळ होत चालले आहेत आणि अंदाजाने पेटी खोलण्याची किंमत वाढली आहे.

पहिला प्रश्न असा की जे गळते ते गिअर ऑइल आहे काय. टू-स्ट्रोक इंजिनात वंगणाचे तेल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते, त्यातले जे जळत नाही ते धुरासोबत मधल्या पोकळ पायातून खाली येते आणि बऱ्याच मोटरींत पंख्याच्या तुंब्यातून किंवा त्याच्या आसपासच्या छिद्रांतून पाण्यात सोडले जाते. मोटर फळीवर उभी करून ठेवली की तेच काळपट, पातळ आणि पेट्रोलचा वास असलेले तेल पंख्याच्या टोकावरून जमिनीवर टपकते. गिअर ऑइल दाट असते, बोटांच्या चिमटीत त्याची तार येते, आणि दातांवरचा दाब सोसण्यासाठी त्यात घातलेल्या गंधकयुक्त द्रव्यांमुळे त्याला उग्र वास असतो जो एकदा ओळखला की विसरता येत नाही. तरीही शंका राहिली, तर पंखा काढून शाफ्टचा भाग पुसून कोरडा करावा आणि मोटर एक रात्र उभी ठेवावी : सकाळी ओल सीलच्या कडेला दिसली तर ती पेटीतली, आणि फक्त वरच्या धुराच्या मार्गात दिसली तर ती इंजिनातली. पंखा काढलेला असतानाच शाफ्टाभोवती तंगूस आहे काय हेही पाहून घ्यावे; पुष्कळदा निदान तिथेच संपते.

दुसरा पुरावा पेटीतल्या तेलाचा, आणि तो मिळवण्याची एक रीत आहे जी घाईत मोडली जाते. मोटर किमान एक रात्र सरळ उभी राहू द्यावी, म्हणजे पाणी तेलाहून जड असल्यामुळे तळाशी बसते. मग वरचा प्लग बंदच ठेवून खालचा प्लग अर्धा आटा सैल करावा आणि पहिले थेंब काचेच्या स्वच्छ बरणीत धरावेत. वरचा प्लग बंद असल्यामुळे आतले तेल धो-धो बाहेर येत नाही, आणि तळाशी जमलेले पाणी वेगळे हाती लागते. आधी स्वच्छ पाणी आणि मागोमाग मूळ रंगाचे तेल आले, तर पाणी मोटर उभी असताना शिरले आहे किंवा शिरून बराच काळ स्थिरावले आहे. सगळेच तेल फिल्टर कॉफीच्या रंगाचे निघाले, तर गिअर फिरत असताना पाणी त्यात घुसळले गेले आहे. परंतु केवळ रंगावर विसंबू नये, कारण हवेच्या बारीक बुडबुड्यांनीही तेल पांढुरके दिसते. बरणी काही तास ठेवली की हवा निघून जाऊन तेल पुन्हा पारदर्शक होते; पाणी मिसळलेले तेल दिवसभरानंतरही गढूळच राहते. त्याहून निश्चित परीक्षा हवी असेल, तर तापलेल्या लोखंडी पट्टीवर एक थेंब सोडावा : पाणी असल्यास तो तडतडतो. चुंबक असलेल्या प्लगवर राखाडी लेप असणे हे झिजेचे सामान्य लक्षण आहे, मात्र नखाला टोचतील अशा कपच्या दिसल्या, तर गळतीचा प्रश्न दुय्यम ठरतो आणि पेटी खोलावीच लागते.

पाणी आत का ओढले जाते, हे समजल्याशिवाय पुढची चाचणी अर्थपूर्ण होत नाही. काम करताना गिअरकेस तापते, आतली हवा फुगते आणि वाढलेला दाब एखाद्या कमकुवत जागेतून हळूच बाहेर निसटतो. नंतर इंजिन बंद होते, पेटी तलावाच्या पाण्यात निवते आणि आत तुटवडा निर्माण होतो. आतली हवा ६० अंश सेल्सिअसवरून २५ अंशांवर आली, असे धरले, तर तिचा दाब सुमारे एक दशांशाने उतरतो, म्हणजे बेंगळुरूच्या उंचीवर चौरस इंचाला जवळजवळ १.४ पौंडांचे शोषण तयार होते. तेलही निवताना आकुंचन पावते आणि हे शोषण आणखी वाढवते. त्यात पेटी पाण्याखाली अर्धा मीटर असेल, तर वरच्या पाण्याच्या भाराचे सुमारे ०.७ पौंड मिळवावेत. आकडे लहान आहेत, आणि या लहानपणातच निदानाचे मर्म आहे : गिअरकेसला प्रत्यक्षात जो दाब सोसावा लागतो तो दोन-चार पौंडांचा असतो, त्यामुळे तिची परीक्षाही त्याच पातळीवर सुरू झाली पाहिजे. सायकलच्या पंपाने एकदम वीस पौंड हवा कोंबून ‘दाब टिकला’ असा निर्वाळा देणे निरर्थक आहे, कारण ओठाच्या सीलची रचना अशी असते की त्याच्या पोकळ, स्प्रिंग असलेल्या बाजूने दाब वाढला की ओठ शाफ्टवर अधिकच घट्ट बसतो, आणि दोन पौंडांना गळणारी चीर पंधरा पौंडांना स्वतःहून मिटते.

सीलला दिशा असते, ही गोष्ट त्यातूनच पुढे येते. पंख्याच्या शाफ्टवर बहुधा दोन सील पाठीला पाठ लावून बसवलेली असतात. आतल्याचे तोंड तेलाकडे आणि बाहेरच्याचे पाण्याकडे. तंगुसाने बाहेरचा ओठ कापला, पण आतला शाबूत राहिला, तर तेलाचा एक थेंबही बाहेर दिसत नाही आणि तरी निवताना पाणी आत जाते, कारण आतले सील पाठीकडून येणारा दाब अडवण्यासाठी घडवलेलेच नाही. उलट आतला ओठ वयाने कडक होऊन गेला आणि बाहेरचा ठीक असला, तर चालत्या मोटरीतून तेल जाते, पाणी मात्र फारसे येत नाही. म्हणून आतून हवा भरण्याची चाचणी आतल्या सीलची आणि आतून हवा ओढून घेण्याची चाचणी बाहेरच्या सीलची. एक करून दुसरी टाळणाऱ्याने अर्धेच निदान केले असे समजावे.

चाचणीसाठी तेल पूर्ण काढून पेटी रिकामी करावी, कारण दाट तेल बारीक फट तात्पुरती बुजवून ठेवते. वरच्या प्लगच्या आट्यांत बसेल असा जोड करून घ्यावा, त्याला दाबमापक लावलेला हातपंप जोडावा आणि प्रथम तीन ते सहा पौंड दाब देऊन काही मिनिटे काटा पाहावा. या वेळी दोन्ही शाफ्ट हाताने सावकाश फिरवावेत आणि क्लचची सळई वर-खाली करावी, कारण शाफ्ट एका जागी स्थिर असताना न दिसणारी गळती तो फिरताच उघडी पडते. काटा उतरू लागला, तर गिअरकेस पाण्याच्या टबात बुडवून बुडबुडे कुठून येतात ते पाहावे. टब नसेल तिथे साबणाचे पाणी चालते. ओएमसीच्या नंतरच्या काळातील दुरुस्ती-पुस्तिका यापुढे सोळा-अठरा पौंडांपर्यंत जाण्यास सांगतात, पण साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या ओतीव कामावर दहा पौंडांपलीकडे जाण्यात हशील नाही. चाचणी सावलीत घ्यावी. उन्हात ठेवलेल्या पेटीतली हवा तापून काटा आपोआप वर चढतो आणि खरी गळती झाकली जाते.

शोषणाची चाचणी त्याच जोडातून, हवा ओढणाऱ्या पंपाने, पाऱ्याच्या तीन ते पाच इंचांपासून सुरू करतात आणि गरजेनुसार पंधरा इंचांपर्यंत नेतात. इथे बुडबुडे बाहेर येत नाहीत, म्हणून जागा शोधण्याची युक्ती उलटी : संशयित सीलभोवती तेल चोपडावे आणि ते आत खेचले जाते काय हे बारकाईने पाहावे. बेंगळुरूत वातावरणाचा एकूण दाबच पाऱ्याच्या सुमारे २७ इंचांइतका असतो, समुद्रकाठच्या जवळजवळ ३० इंचांइतका नव्हे, त्यामुळे पंपाच्या कमाल मर्यादेत फरक पडतो. पंधरा इंचांच्या चाचणीला मात्र त्याची बाधा येत नाही.

बुडबुडे नेहमीच पंख्याच्या सीलमधून येतात असे नाही, आणि स्वस्त शक्यता आधी तपासण्याचा नियम इथेही लागू पडतो. प्लगखालचे वॉशर पुन्हा पुन्हा वापरून चपटे झालेले असते आणि एवढ्या किरकोळ वस्तूपायी संपूर्ण पेटी खोलली गेल्याची उदाहरणे कारागिरांना नवी नाहीत. जुन्या जॉन्सन-एव्हिनरूडमध्ये खालच्या प्लगजवळच अधिक चिन्हासारखी खाच असलेला दुसरा एक स्क्रू असतो; तो तेलाचा नसून क्लच हलवणाऱ्या आतल्या तरफेची खीळ असतो, त्याच्याभोवतीही गळती होते, परंतु तो तेल काढण्याचा समजून बाहेर काढला, तर आतली तरफ जागेवरून घसरते आणि मग पेटी उघडण्यावाचून गत्यंतर राहत नाही. त्याच घराण्यातील लहान मोटरींची पेटी खालून झाकण लावून दोन भागांत जोडलेली असते, आणि त्या सांध्याच्या खोबणीत बारीक रबरी दोरी बसवलेली असते. दोरीची टोके नेमकी जुळली नाहीत किंवा खोबणीत जुना चिकट पदार्थ राहिला, तर नवी दोरीही गळते. क्लचच्या सळईचे सील बहुधा सर्वांत दुर्लक्षित असते, कारण ते गाठण्यासाठी पाण्याचा पंप उतरवावा लागतो. पण पंप उतरलेलाच असेल, तर उभ्या शाफ्टचे आणि सळईचे सील त्याच बैठकीत बदलणे शहाणपणाचे.

सील बदलण्याचा निर्णय झाल्यावर खरी अडचण मापांची येते. बेंगळुरूच्या जे. सी. रोडवर मोटारींच्या सुट्या भागांची दुकाने ओळीने आहेत आणि तिथे आतला व्यास, बाहेरचा व्यास व जाडी असे तीन आकडे सांगितले की ऑइल सील मिळते. हे आकडे मिलिमीटरमधले असतात, अमेरिकी जुन्या मोटरी मात्र इंचांच्या मापात कोरलेल्या आहेत. सव्वा इंचाची बैठक म्हणजे ३१.७५ मिलिमीटर, तीत ३२ मिलिमीटरचे सील हातोडीने ठोकून बसवता येते, पण ते बसताना कडे चेपते आणि ओठ गोल राहत नाही, त्यामुळे महिन्याभरात तीच तक्रार परत येते. जपानी मोटरींत हा प्रश्न येत नाही. दुसरी गोष्ट शाफ्टची : वर्षानुवर्षे एकाच जागी घासून सीलच्या ओठाने पोलादावर चर पाडलेला असतो, तो नखाने जाणवतो, आणि नवे सील त्याच चरात बसले तर टिकत नाही. सील एखादा मिलिमीटर मागे-पुढे बसवणे किंवा शाफ्टवर पातळ पोलादी बाही चढवणे हे दोन्ही उपाय चालतात. लेथवर एमरी कागदाने शाफ्ट चकचकीत करून देणे हा मात्र धोक्याचा उपकार आहे, कारण कागद शाफ्टच्या लांबीच्या दिशेने सरकवला, तर पृष्ठभागावर आट्यांसारख्या तिरप्या रेषा उमटतात आणि फिरणारा शाफ्ट त्या रेषांवरून तेल स्वतःच बाहेर वाहून नेतो.

सर्व सील नवे, सांधे नवे आणि तरीही काटा उतरतो, असे क्वचित घडते. तेव्हा संशय ओतीव धातूवर घ्यावा. जुन्या ॲल्युमिनियमच्या पेटीत सूक्ष्म छिद्रे किंवा आघाताची केसासारखी चीर असू शकते, आणि ती शोधण्याची कारखान्यांतली पद्धत फारच सोपी आहे : रिकाम्या, कोरड्या पेटीच्या बाहेरून खडूचा पातळ लेप द्यावा, तो वाळला की आतून घासलेट लावावे आणि तासाभराने पाहावे. चीर असेल तिथे पांढऱ्या लेपावर ओलसर काळपट रेघ उमटते. बारीक छिद्र धातूभरल्या इपॉक्सीने बुजते. आघाताची चीर ॲल्युमिनियम वेल्डिंगशिवाय भागत नाही, आणि त्यासाठी पेटीतले सर्व बेअरिंग आधी बाहेर काढावे लागतात.

दुरुस्तीनंतर तेल खालच्या भोकातून पंपाने भरावे, म्हणजे हवा वरच्या भोकातून निघून जाते. वरून बुडबुड्यांविना तेल येऊ लागले की आधी वरचा प्लग लावावा आणि मगच खालची नळी काढून तिथला प्लग बसवावा. वरून ओतलेले तेल आत हवा कोंडून ठेवते, पहिल्याच फेरीनंतर पातळी खाली दिसते आणि न झालेल्या गळतीचा शोध सुरू होतो. मोटर तासभर चालवून, रात्रभर उभी ठेवून खालचा प्लग पुन्हा अर्धा आटा सैल करावा. पाणी निघाले तर दोन्ही चाचण्या पहिल्यापासून कराव्यात, पाणी नसून केवळ पातळी थोडी उतरली असेल तर तेल पुरते भरून आणखी एकदा तपासणे पुरेसे असते.

(पुढील लेखांकात : पंख्याच्या शाफ्टचा वाक मोजणे आणि पंख्याचा समतोल)